मुंबईत एक रात्र: नरिमन पॉइंट, लोअर परळ की बीकेसी?

"सर, मंगळवारी सकाळी बीकेसीत मीटिंग आहे आणि दुपारी मंत्रालयात. रूम कुठे बुक करू?"

ऑफिसातल्या नव्या मुलाचा हा प्रश्न. पाच वर्षांपूर्वी मी मान वर न करता बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, सांगितलं असतं. या वेळी नरिमन पॉइंट सांगितलं. तो बुचकळ्यात पडला, म्हणून त्याला जे समजावलं तेच इथे लिहितोय. नाशिक, पुणे, कोल्हापूर, संभाजीनगरहून कामासाठी मुंबई गाठणाऱ्यांना हा प्रश्न दर महिन्याला पडतो. एका रात्रीला पंधरा-वीस हजार जाणार असतील तर ते कुठे टाकायचे याचा दोन मिनिटं विचार केलेला बरा.

आधी एक सांगतो. या दर्जाच्या हॉटेलांत खोलीच्या आत फारसा फरक नसतो. तीच जाड पांढरी गादी, तोच गार टॉवेल, नाश्त्याला एका कोपऱ्यात पोहे-उपमा आणि दुसऱ्या कोपऱ्यात ऑम्लेटवाला. त्यामुळे ताऱ्यांची आणि फोटोंची तुलना मी कधीच सोडून दिली. सकाळी पहिल्या मीटिंगला कसं पोचणार, संध्याकाळी सातनंतर काय करणार आणि किती उंचीवर झोपणार, एवढंच बघतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं ते भुयारी मेट्रोमुळे. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी सुरू झाली, मे २०२५ मध्ये वरळीला आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत धावते. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, तिकीट १० ते ७० रुपये. नरिमन पॉइंटच्या हॉटेलातून विधान भवन स्थानकात चालत जाता येतं आणि तिथून बीकेसी अर्ध्या-पाऊण तासावर. टॅक्सीने कोस्टल रोड आणि सी लिंक धरून वांद्र्यापर्यंत झुळझुळ जाल, पण खरी गंमत त्यानंतर कलानगरच्या चौकातल्या कोंडीत असते. मेट्रोवर पावसाचा काहीच परिणाम होत नाही असं मात्र म्हणणार नाही. मे २०२५ च्या मोठ्या पावसात अत्रे चौक स्थानकातच पाणी शिरलं होतं. तरीही टॅक्सीपेक्षा भरवसा तिचाच.

नरिमन पॉइंट

इथला उंच टॉवर म्हणजे ट्रायडेंट. ३५ मजली, १९७३ मध्ये ओबेरॉय शेरेटन नावाने उघडला. शेजारचं ओबेरॉय १९८६ चं. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दोन्ही इमारती सापडल्या. ट्रायडेंट महिन्याच्या आत, २१ डिसेंबरला पुन्हा उघडलं आणि ओबेरॉयला २०१० उजाडलं. तेव्हापासून मुंबईतल्या सगळ्याच मोठ्या हॉटेलांच्या दारात गाडीच्या पोटाखाली आरसा फिरतो, डिकी उघडते, बॅगा स्कॅनरमधून जातात. कुणाला हॉटेलात भेटायला बोलावलंत तर त्याला दहा मिनिटं आधी यायला सांगा.

मंत्रालय, हायकोर्ट, दलाल स्ट्रीट, चर्चगेट हे सगळं इथून जवळ. सरकारी कामाला आलात तर दुसरीकडे राहण्यात अर्थच नाही. मंत्रालयात "साहेब आत्ता मीटिंगमध्ये आहेत, साडेचारला या" हे ऐकल्यावर मधले तीन तास खोलीवर येऊन लॅपटॉप उघडता येतो, बूट काढून पडता येतं. हे सुख बीकेसीत राहणाऱ्याला मिळत नाही. तो बिचारा चर्चगेटजवळच्या कुठल्यातरी कॉफीच्या दुकानात तिसरा कप मागवत बसतो.

आणि संध्याकाळ. बऱ्याच कंपन्यांनी इथला गाशा गुंडाळून बीकेसी गाठलं, त्यामुळे ऑफिसं सुटल्यावर आतले रस्ते मोकळे होतात, पण मरीन ड्राइव्हचा कठडा भरलेलाच असतो. कोट खोलीवर टाकायचा, चपला घालायच्या आणि टोकाच्या एनसीपीए नाट्यगृहापासून गिरगाव चौपाटीच्या दिशेने चालत सुटायचं. दिवसभर एसीत आखडलेली मान तिथे सुटते. जेवायला हॉटेलातच बसायची सक्ती नाही. फोर्ट, चर्चगेट हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे साधी थाळी ते इराण्याचा ब्रुन-मस्का सगळं मिळतं.

समुद्राकडची खोली घ्यावी का? ऑक्टोबर ते मे, आणि सूर्यास्ताच्या वेळी तुम्ही खोलीत असणार असाल तर घ्या. एकदा अशा खोलीत खिडकीशी उभा होतो, तर घारी माझ्या खाली घिरट्या घालत होत्या. पक्ष्याची पाठ वरून बघायची सवय नसते आपल्याला. पंधरा मिनिटं फोन उचलला नाही. जुलैत मात्र त्याच खिडकीतून एकसारखा राखाडी पडदा दिसतो आणि काचेवर खारट पाण्याचे ओघळ. रात्री दहाला पोचून सकाळी आठला निघणार असाल तर ते पैसे काचेवर जातात. शहराकडची खोली घ्या.

तोटे? रिक्षा नाही. दक्षिण मुंबईत रिक्षाला बंदी आहे, त्यामुळे जवळच्या अंतरालाही काळी-पिवळी शोधावी लागते. विमानतळ लांब. मेट्रो टर्मिनल २ पर्यंत जाते, पण दोन मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच करावी लागते. नाशिकहून गाडी घेऊन येणाऱ्यांना २०१३ पासून ईस्टर्न फ्रीवे आहे. घाटकोपर-चेंबूरवरून उचलून तो फोर्टाच्या तोंडाशी आणून सोडतो.

लोअर परळ आणि वरळी

मधली जागा, म्हणून बरेच जण डोळे झाकून हीच निवडतात. नकाशावर मधोमध दिसते खरी. रस्त्यावर तसं जाणवत नाही.

फिनिक्स मिलच्या आवारातलं सेंट रेजिस ३८ मजल्यांच्या आसपासचं. २०१२ च्या अखेरीस ते शांग्रिला म्हणून उघडलं, मग पॅलेडियम झालं आणि २०१५ पासून सेंट रेजिस. टॅक्सीवाल्याला नवं नाव कळलं नाही तर "फिनिक्स मॉल" म्हणा, बरोबर सोडतो. वरळीच्या बाजूला फोर सीझन्स, २००८ चं, ३४ व्या मजल्यावर उघड्या गच्चीचा बार.

इथे राहण्याचा फायदा संध्याकाळी मिळतो. मॉल, जेवणाच्या जागा, सिनेमा, सगळं पायाशी. बायको-मुलं बरोबर असतील आणि तुम्ही दिवसभर मीटिंगांत असाल तर तिन्हींत हाच भाग त्यांच्या सोयीचा. जाहिरात कंपन्या, मीडिया, खासगी बँका, फंडवाले यांची बरीच ऑफिसं इथल्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आहेत. काम तिथेच असेल तर पुढचं वाचू नका, इथेच राहा.

काम दुसरीकडे असेल तर हा भाग दमवतो. सेनापती बापट मार्ग संध्याकाळी सहानंतर हलत नाही. त्यात परळ-प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल शिवडी-वरळी मार्गासाठी पाडायला सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, त्यामुळे पूर्व-पश्चिम वाहतूक उरलेल्या पुलांवर आली. मेट्रो ३ फिनिक्सच्या दारात येत नाही, ती वरळीच्या अंगाने जाते. त्यातल्या त्यात फोर सीझन्सच्या बाजूला राहिलात तर अत्रे चौक स्थानक सोयीचं. फिनिक्सजवळ उपयोगी पडते ती लोकल. पश्चिम रेल्वेचं लोअर परळ, मध्यचं करी रोड. पंचवटी एक्स्प्रेसने येणाऱ्या आम्हा नाशिककरांना दादरला उतरलं की टॅक्सीने जवळ, एवढंच काय ते.

इथल्या उंच खोलीतून एका बाजूला काचेचे टॉवर आणि मध्येच फिनिक्सची जुनी चिमणी दिसते, दुसऱ्या बाजूला चाळींची कौलं आणि निळ्या ताडपत्र्या. माझ्या आईचे मामा या भागात गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी परतले ते कायमचेच. त्यामुळे तिथल्या गच्चीवर मला कधी धड बसवलं नाही. हे माझं वैयक्तिक, तुमच्या निर्णयात धरू नका.

बीकेसी

इथे एक गैरसमज दूर करतो. बीकेसीत उंच हॉटेल मिळत नाही. विमानतळ शेजारी असल्यामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. ट्रायडेंटची इथली शाखा २००९ ची, त्यानंतर सोफिटेल आलं. दोन्ही आडवी पसरलेली आणि ऐसपैस, पण टॉवर म्हणावं अशी नाहीत. त्यामुळे इथे "वरच्या मजल्याची खोली" म्हणून जादा पैसे मागितले तर हसून नाही म्हणा. समोर दिसणार दुसऱ्या ऑफिसची काच.

पण सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार, हिरे बाजार किंवा एखाद्या मोठ्या बँकेच्या मुख्यालयात सकाळी साडेनऊला हजर व्हायचं असेल आणि दुसरीकडे कुठेच जायचं नसेल, तर बीकेसीला तोड नाही. चालत जाता येतं म्हणतात ते खरं, मात्र इथले ब्लॉक नकाशात दिसतात त्यापेक्षा बरेच मोठे आहेत. मे महिन्यात फॉर्मल बुटांत पंधरा मिनिटं चाललात तर शर्टाची पाठ ओली घेऊनच आत शिराल. इथे रिक्षा चालते, तीच धरा. शेअर रिक्षा वांद्रे आणि कुर्ला स्टेशनला जातात. नाशिकहून गाडीने यायला तर २०१९ पासून चुनाभट्टीचा उड्डाणपूल आहे, सायनच्या कोंडीत न अडकता थेट आत उतरवतो. आणि पहाटेचं विमान असेल तर बाकी कुठलाही विचार करू नका.

अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला येणारी कुटुंबंही इथेच उतरतात, कारण २०११ पासून वकिलात इथे आहे. त्यांना माझा सल्ला वेगळा: एवढं महाग हॉटेल घेऊ नका, सांताक्रूझ किंवा कुर्ल्यात साधं स्वच्छ हॉटेल बघा आणि वाचलेले पैसे मुलीला विमानतळावर द्या.

बीकेसीचे भाव आठवड्याच्या दिवसांत चढे आणि शनिवार-रविवारी उतरलेले असतात. जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला मोठं प्रदर्शन असेल तर विचारूच नका. बुकिंगआधी त्या तारखेला तिथे काय आहे ते बघाच. आणि संध्याकाळी? ऑफिसं सुटली की रुंद, उजळलेले, रिकामे रस्ते. एकट्या माणसाला खोलीत बसून टीव्ही बघण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

किती उंचीवर झोपायचं

वरचा मजला मिळाला की माणसाला उगाच बढती मिळाल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. मग एका उंच हॉटेलात, नाव लिहीत नाही, पहाटे सव्वातीनला अलार्म वाजला. लिफ्ट बंद. २९ मजले जिन्याने उतरलो, पायात हॉटेलच्या त्या कागदी सपाता. अठराव्या मजल्याजवळ त्या फाटल्या, पुढे अनवाणी. खाली पोचलो तर नाइट मॅनेजर चहाची किटली घेऊन उभा: कुणीतरी खोलीत सिगारेट ओढली होती. दोन दिवस पोटऱ्या धरल्या होत्या.

तेव्हापासून चेक-इनला मी आठ ते पंधराच्या मधला मजला मागतो. नरिमन पॉइंटला तेवढ्या उंचीवरूनही समुद्र पुरेपूर दिसतो. खोलीत गेल्यावर दाराच्या मागचा नकाशा वाचतो, जिन्याचं दार उघडून बघतो आणि आश्रय मजला कितवा आहे ते विचारतो. उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबण्यासाठी असे मोकळे मजले ठेवावेच लागतात. कमला मिलच्या आवारात डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ माणसं गेली, तो भाग याच लोअर परळचा. हे बघायला तीन मिनिटं लागतात.

सकाळची लिफ्ट हीसुद्धा उंचीचीच किंमत. पावणेनऊला सगळेच उतरतात आणि तिसाव्या मजल्यावरून निघालेली लिफ्ट दर दोन मजल्यांना थांबते.

बिलाचं

खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के, आणि ही सगळी हॉटेलं त्याच्या वरच. कंपनीची नोंदणी महाराष्ट्रात असेल तर खोलीवरचा कर वळता करून घेता येतो, म्हणून जीएसटी नंबर चेक-इनलाच द्या. चेक-आउटच्या घाईत दिलेला नंबर चुकतो आणि मग दोन महिने ईमेल चालतात. बेळगाव किंवा पणजीची कंपनी असेल तर हा कर वळता होत नाही, कारण खोलीवरचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे तिथलाच धरतात. जेवणाच्या करावर सूट महाराष्ट्रातल्यांनाही नाही, तेव्हा खोली आणि जेवण बिलावर वेगळं दाखवायला सांगा. क्लब मजल्याची खोली (तिच्याबरोबर चहा-नाश्त्याचं वेगळं लाउंज वापरता येतं) दोन-तीन हजारांनी महाग असेल आणि तुम्हाला संध्याकाळी दोन जणांना भेटायचं असेल तर ती घ्या. लॉबीतल्या चहा-सँडविचचं बिल तेवढंच होतं, आणि क्लब लाउंजमध्ये निदान दार लावून बोलता येतं.

तर त्या मुलाला सांगितलं: सोमवारी रात्री नरिमन पॉइंट, शहराकडची खोली, चौदाच्या आसपासचा मजला. सकाळी मेट्रोने बीकेसी, दुपारी मेट्रोने परत, बॅग हॉटेलच्या क्लोकरूममध्ये, तिथून मंत्रालय. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे येत असते, तू उलट्या दिशेने जाशील.

मंगळवारी सकाळी आठ चाळीसला त्याचा मेसेज आला. "सर, विधान भवनला खाली जायचा जिना सापडायला पाच मिनिटं लागली. पण डब्यात बसायला जागा आहे."