हाफ डॉलर जमवताना: बँकेचा बॉक्स की दुकानातलं नाणं?

अमेरिकेचा हाफ डॉलर म्हणजे तिथले आठ आणे. कायद्याने चालतो, पण सहसा कुणी काढत नाही. बहुतेक गल्ल्यांत त्याला वेगळा खण नसतो, व्हेंडिंग मशीन तो घेत नाही, आणि सुट्या पैशांत मिळालाच तर माणूस तो खर्चायचा सोडून ड्रॉवरमध्ये टाकतो. संग्राहकाच्या ते पथ्यावरच पडतं. डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) हातोहाती फिरल्याने त्यांतली चांदी केव्हाच वेचली गेली. हाफ मात्र वर्षानुवर्षं पेटीत, कपाटात पडून राहतो आणि कधीतरी कुणी तो बँकेत नेऊन भरतो. म्हणून आजही ५० सेंटच्या दर्शनी किमतीला बँकेतून चांदी हाती येऊ शकते. तसंच, पाचशे डॉलरची नाणी तपासून हाती काहीच न लागणं हेही नेहमीचंच.

नाणं हातात आलं की आधी धातू ओळखता यायला हवा. जॉन केनेडी यांची हत्या नोव्हेंबर १९६३ मधली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा चेहरा असलेला हाफ निघाला. १९६४ची छाप असलेली जवळजवळ ४३ कोटी नाणी पडली, तरी लोकांनी आठवण म्हणून आणि चांदी म्हणून ती दडवलीच. १९६४चं नाणं ९० टक्के चांदीचं आणि १२.५ ग्रॅमचं. १९६५ ते १९७० या काळातलं ४० टक्के चांदीचं, ११.५ ग्रॅम. १९७१पासूनचं तांबं-निकेलचं, ११.३४ ग्रॅम. शुद्ध चांदी पहिल्यात ०.३६१७ ट्रॉय औंस (सोन्या-चांदीच्या वजनाचं माप), दुसऱ्यात ०.१४७९. चांदीचा भाव औंसाला ४० डॉलर धरला तर पहिल्यात साधारण साडेचौदा डॉलरची चांदी आहे आणि दुसऱ्यात सहाला थोडी कमी. त्या दिवसाचा भाव घालून हा गुणाकार स्वतः करावा, विक्रेत्याच्या तोंडी हिशेबावर विसंबू नये.

बँकेतून बॉक्स

एका बॉक्समध्ये ५० रोल, रोलमध्ये २० नाणी. एकूण १,००० नाणी, ५०० डॉलर आणि सव्वाअकरा किलो वजन. शाखेत स्वतःचं खातं असावं लागतं. टेलरला, म्हणजे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला, मागणी सांगितली की पुढच्या खेपेला बॉक्स येतो. काही शाखा व्यावसायिक खात्याशिवाय बॉक्स मागवत नाहीत, काही शुल्क लावतात, काही सरळ नाही म्हणतात. हे फोनवर आधीच विचारावं. मोठ्या बॉक्सआधी ‘गल्ल्यात सुटे हाफ आहेत का?’ असंही विचारून पाहावं. ग्राहकाने आणून दिलेली सुटी नाणी किंवा घरी हाताने गुंडाळलेले रोल हे मशीनने बांधलेल्या रोलपेक्षा जास्त आशेचे, कारण ते थेट कुणाच्या तरी घरातून आलेले असतात.

तपासणीचा क्रम चुकला की वेळ दुप्पट लागतो. रोल फोडायचा, वीस नाणी ओळीत आडवी ठेवायची आणि फक्त कडा बघायच्या. तांबं-निकेलच्या नाण्याच्या कडेला तांबूस पट्टी दिसते, ९० टक्क्यांची कड सलग पांढरी असते. ती लगेच डोळ्यांत भरते. फसगत होते ती ४० टक्क्यांच्या बाबतीत. त्याची कड करडी, मळकी असते आणि झिजलेल्या साध्या नाण्याच्या कडेसारखी भासते. इथे वजनकाटा फारसा कामाला येत नाही. दोन्हींत फरक ०.१६ ग्रॅमचा, आणि नाणं पाडताना टांकसाळीला मिळणारी वजनाची सूट त्याहून जास्त. म्हणून कडेवर शंका आली की नाणं उलटून साल वाचायचं.

दुसऱ्या फेरीत टांकसाळीची खूण बघायची. १९६४च्या नाण्यावर ती गरुडाच्या पंजाजवळ असते, १९६८पासून केनेडींच्या मानेखाली. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत खूणच नाही. १९६८नंतरचं ‘एस’चं नाणं दिसलं तर ते कुणीतरी संग्राहकांचा संच फोडून खर्चलेलं असतं, ते बाजूला ठेवावं. १७७६-१९७६ अशी जोडसालाची नाणी बॉक्समध्ये ढिगाने येतात. त्यांतलं ‘एस’चं असेल तर कड पुन्हा बघावी, कारण ते ४० टक्के चांदीचंही निघालं होतं. तेवढ्यातच १९८२चं ‘पी’ (फिलाडेल्फिया) आलं तर गरुडाच्या पायाशी शिल्पकार फ्रँक गॅस्पारो यांची ‘एफजी’ ही आद्याक्षरं आहेत का ते पाहावं. साचा जास्त घासला गेल्याने काही नाण्यांवर ती उमटली नाहीत, आणि अशा नाण्याला वरची किंमत मिळते.

दोन गोष्टींवरून बॉक्स ‘उष्टा’ आहे की नाही ते कळतं. नाण्यांवर मार्करच्या शाईचे ठिपके असतील तर ती दुसऱ्या शोधकाच्या हातून गेलेली आहेत. आणि सगळे रोल कोऱ्या चकचकीत नव्या नाण्यांचे असतील तर त्यात जुनं काही सापडणार नाही. मग उरलेली नाणी परत भरायची. ती ज्या शाखेतून आणली तिथे भरू नयेत, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमचीच नाणी तुमच्याकडे येतील. भरण्यासाठी दुसरी बँक हवी. सुटी नाणी मोजून घेणारं मशीन तिथे आहे का, हे बॉक्स मागवण्याआधी पाहावं. पाचशे डॉलर परत मिळतात, खर्च होतो तो पेट्रोलचा, दोन फेऱ्यांचा आणि एका संध्याकाळचा.

टांकसाळीकडून किंवा विक्रेत्याकडून

ज्याला आल्बम भरायचा आहे त्याने एक हिशेब मांडावा. १९७१ ते २००१ या काळात फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर मिळून तांबं-निकेलची साठ नाणी होतात (१९७५ सालाचं नाणंच नाही). त्यांतली ५८ चलनासाठी निघाली होती. बँकेतून घेतली तर २९ डॉलरमध्ये हा पट्टा पुरा होतो, आणि हीच नाणी विक्रेत्याकडून एकेक करून घेणं म्हणजे उगाच पैसे घालवणं. अडतं ते उरलेल्या दोनांवर. १९८७ची नाणी फक्त टांकसाळीच्या वार्षिक संचात दिली गेली. तो संच आख्खा विकत घ्यावा, सुटं नाणं शोधत बसू नये. १९७०चं डेन्व्हरही तसंच. साडेएकवीस लाखच पडली, सगळी संचात, आणि वर ४० टक्के चांदी.

त्यापुढे २००२ ते २०२० ही एकोणीस वर्षं हाफ चलनासाठी पाडलाच नाही. टांकसाळ तो दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने, रोल आणि पिशव्यांतून संग्राहकांना विकत असे. २००८मध्ये प्रत्येक टांकसाळीने जेमतेम १७ लाख नाणी पाडली. तुलनेला १९६४चा आकडा वर आहेच. ही नाणीही कधीमधी बॉक्समध्ये निघतात, कारण संग्राहकाच्या वारसांना ती ५० सेंटच वाटतात. पण या वर्षांच्या, दोन टांकसाळी धरून, आल्बममधल्या ३८ खाचा अशा योगायोगावर भरायला बसलात तर पाच वर्षंही पुरणार नाहीत. २०२१पासून नाणं पुन्हा चलनासाठी पडू लागलं, त्यामुळे ती वर्षं परत बँकेच्या बाजूला जातात.

दर्जाचा प्रश्न उरतोच. केनेडींचा गाल म्हणजे नाण्यावरचा सर्वांत उंच, मोकळा भाग. पिशवीतल्या दुसऱ्या नाण्यांचे ओरखडे आधी तिथेच बसतात. बँकेतून निष्कलंक नाणं मिळण्याची आशा धरू नये. ज्याला वरच्या दर्जाचीच नाणी हवीत त्याने बॉक्सच्या वाटेला जाऊच नये.

नुसती चांदीच हवी असेल तर विक्रेते ९० टक्क्यांची नाणी दर्शनी किमतीच्या पटीत विकतात. झीज धरून एक डॉलर, म्हणजे दोन हाफ, याला ०.७१५ औंस चांदी हा बाजारातला ठरलेला आकडा. ४० टक्क्यांच्या नाण्याला तेवढ्याच डॉलरला ०.२९५. घेताना ४० टक्क्यांचं नाणं स्वस्त वाटतं, पण विकताना त्यावर जास्त कापलं जातं, कारण तेवढ्याच चांदीसाठी गाळावा लागणारा धातू दुपटीहून जास्त असतो. बॉक्समधून निघालं तर जरूर ठेवा, पैसे देऊन घेऊ नका.

जुन्या मालिकांपैकी फ्रँकलिन (१९४८ ते १९६३) नवख्याला उत्तम. एकूण ३५ नाणी, त्यांत एकही अप्राप्य नाही. वॉकिंग लिबर्टी (१९१६ ते १९४७) दिसायला सगळ्यांत देखणा, पण ६५ नाण्यांत १९२१ची तीन खिसा रिकामा करतात, आणि नकली नाणीही अशाच सालांची बनतात. १२.५ ग्रॅम, ३०.६ मिलिमीटर आणि लोहचुंबकाला न चिकटणं या तीन गोष्टी घरी तपासता येतात. पण तीन्हींत उतरलेलं नाणं खरंच असेल असं नाही, म्हणून १९२१चं घ्यायचं तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या डबीतलंच घ्यावं आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर जुळवून पाहावा.

पुण्या-मुंबईत राहून हाफ जमवणाऱ्याला बँकेचा रस्ता बंदच आहे. त्याच्यासाठी टपालखर्च नाण्याच्या किमतीवर चढतो, म्हणून एकेक नाणं मागवण्यापेक्षा वार्षिक संच परवडतात. अमेरिकेत भाचा किंवा मुलगी असेल तर ५८ नाण्यांची यादी त्यांच्याकडे द्यावी. सगळी मिळून साधारण ६६० ग्रॅम भरतात, बॅगेत सहज मावतात.

दोन्ही रस्त्यांनी आलेलं नाणं घासू नये. चिंच-मीठ, टूथपेस्ट, पितांबरी यांतलं काहीही लावलं की चमक येते आणि संग्राहकाच्या लेखी किंमत जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. तो दिसलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, हवेशीर जागी, न चोळता बुडवून काढावा. ठेवायला ३०.६ मिलिमीटरची कडक गोल डबी सर्वांत बरी.