ओपन किचनमधला प्रोफाइल लाइट: ओट्यावर पडावा, टेबलावरच्या माणसाच्या डोळ्यांत जाऊ नये

ओव्हरहेड कपाटांखाली बसणारा प्रोफाइल लाइट म्हणजे ॲल्युमिनियमची पन्हळ, तिच्यात चिकटवलेली एलईडी पट्टी, वर दुधी झाकण आणि घरातली वीज पट्टीला लागणाऱ्या व्होल्टेजवर आणून ती चालवणारा ड्रायव्हर. स्वयंपाकघरात लाइटवर जे पैसे जातील, त्यातले पहिले यावरच घालावेत. छताचा लाइट कितीही मोठा घेतला तरी तो ओट्याशी उभ्या माणसाच्या पाठीमागे येतो आणि विळी, सुरी, पोळपाट हे सगळं त्याच माणसाच्या सावलीत जातं. कपाटाखालच्या लाइटची सावली पडत नाही. मात्र मधली भिंत पाडून स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एक केलेली असेल, तर बंद स्वयंपाकघरात चालून जाणाऱ्या चुका तिथे रोज डोळ्यांना टोचतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पट्टीची जागा. ओटा ६० सेंमी खोल आणि वरचं कपाट ३० ते ३५ सेंमी. सुतार बहुतेक वेळा पट्टी कपाटाच्या मागच्या कडेला, टाइल्सला लागून ठोकतो, कारण वायर तिथेच निघालेली असते. मग भिंत उजळते, टाइल्सचा प्रत्येक उंचसखल सांधा उठून दिसतो आणि चिराचिरी होते तो ओट्याचा पुढचा भाग अंधारात राहतो. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला हवी, तीही ४५ अंशांच्या कोपरा प्रोफाइलमध्ये, तोंड भिंतीकडे करून. त्यासाठी वायरचा पॉइंट टाइल्स लागण्याआधीच ठरवावा लागतो.

आता टेबलावर बसलेल्या माणसाकडे या. ओटा ८५ सेंमी आणि त्यावर ६० सेंमी मोकळी जागा धरली, तर कपाटाचा तळ जमिनीपासून १४५ सेंमीवर येतो. खुर्चीवर बसलेल्याचे डोळे साधारण १२० सेंमीवर असतात. म्हणजे त्याला कपाटाचा तळ खालून दिसतो आणि सपाट बसवलेली उघडी पट्टी थेट डोळ्यांत चमकते. कपाटाच्या पुढच्या कडेला २५ ते ३० मिमी खाली उतरणारी प्लायची पट्टी त्याच लॅमिनेटमध्ये लावून घेतली की हा त्रास संपतो. तयार शटर तळाच्या खाली तेवढंच उतरवलं तरी चालतं, आणि शटर उघडायला हँडलही लागत नाही. हे डिझाइनच्या वेळीच सांगा. किचन बसल्यावर केलेली पट्टी जोडकाम म्हणून कायम दिसते.

पट्टी घेताना साध्या ठिपक्यांच्या पट्टीऐवजी सीओबी (चिप ऑन बोर्ड) पट्टी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे ओट्याला काळा पॉलिश ग्रॅनाइट फार. त्यात साध्या पट्टीचा एकेक ठिपका आरशासारखा उमटतो. सीओबीत चिप्स इतक्या दाट असतात की सलग रेघच दिसते. महाग पडते आणि जपून हाताळावी लागते. कोपऱ्यात करकचून दुमडली की वरचा पिवळा थर तडकतो आणि तेवढा तुकडा काळा पडतो. कोपऱ्यात पट्टी कापून वायरने जोडणं हाच उपाय. पन्हळ टाळून पट्टी थेट प्लायवर चिकटवू नका. ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेतं. प्लायवर तीच पट्टी तापून लवकर मंदावते आणि शेगडीजवळ तर चिकटपट्टीही सुटते. चिकटवण्याआधी पन्हळ स्पिरिटने पुसून घ्यावी.

व्होल्टेज २४ घ्या. ३ मीटरची, मीटरला १० वॉटची पट्टी म्हणजे ३० वॉट. ड्रायव्हर ५ मीटर दूर आणि मध्ये ०.५ चौ. मिमी वायर असेल, तर १२ व्होल्टवर जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच जातो आणि पट्टी निस्तेज दिसते. २४ व्होल्टवर करंट निम्मा, त्यामुळे नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं. ड्रायव्हर ३० वॉटचाच न घेता ४० चा घ्यावा. पूर्ण भारावर सतत चालणारा ड्रायव्हर आधी जातो. त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. विजेच्या सामानाच्या बाजारात, मग मुंबईच्या लोहार चाळीत काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, पट्टी रोलमधून मीटरवर कापून मिळते, तेव्हा रोलवरचं लेबलही वाचून घ्या: व्होल्ट, वॉट प्रति मीटर, केल्विन (प्रकाशाची छटा, आकडा कमी तितकी पिवळसर), सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, १०० पैकी). ड्रायव्हर कपाटाच्या वर, हात पोचेल असा ठेवा. चिमणीच्या कपाटात ठेवला तर उष्णता आणि तेलकट वाफ त्याला टिकू देत नाहीत, आणि फॉल्स सीलिंगमध्ये बंद केला तर बदलायला पीओपी फोडावं लागतं.

रंगाच्या बाबतीत ६५०० केल्विनचा पांढरा लाइट ओपन किचनला घेऊच नये. आणि ओट्यावर ४००० व टेबलावर ३००० असंही करू नका. दोन्ही एका नजरेत येतात, ओटा निळसर आणि टेबल पिवळं दिसतं. दोन्हीकडे ३००० आणि सीआरआय ९० च्या वर, हे चांगलं. सीआरआय कमी असला की लाल रंग मरतो. कांदा गुलाबी झालाय की तांबूस, रश्श्यावर तर्री आली का, हे अशा लाइटखाली कढईत वाकून बघावं लागतं. दुकानात पट्टी पेटवून तिच्याखाली टोमॅटो धरून बघा, लगेच कळेल.

हात हलवला की लागणाऱ्या सेन्सरची शिफारस करणार नाही. शेगडीजवळ त्याच्या काचेवर तेलाचा थर बसतो आणि तो कधी लागतो, कधी लागत नाही. भिंतीवरचा साधा स्विच बरा. ओट्याचा आणि टेबलाचा स्विच मात्र वेगळा हवा, म्हणजे जेवताना ओट्यावरची उष्टी भांडी अंधारात राहतील.

टेबलावर लटकता दिवा घेणार असाल तर त्याची खालची कड टेबलापासून ७५ ते ९० सेंमी वर ठेवा. पण बहुतेक घरांत टेबलावर पंखा असतो, आणि पंखा व लटकता दिवा एकत्र नांदत नाहीत. वाऱ्याने दिवा हलतो आणि ताटातल्या सावल्याही हलतात. पंखा हवाच असेल तर छतात बसणारे, ३६ अंशांच्या झोताचे डाउनलाइट घ्या आणि जागा मोजून ठरवा. १२०० मिमीच्या पंख्याचं पातं मध्यापासून ६० सेंमीपर्यंत जातं. पाती छतापासून ३० सेंमी खाली असतील, तर ३६ अंशांचा झोत तिथपर्यंत लाइटच्या मध्यापासून १० सेंमी पसरतो, म्हणजे लाइट पंख्याच्या मध्यापासून ७० सेंमीच्या बाहेर हवा. नेहमीचा १२० अंशांचा पॅनल लाइट ५२ सेंमी पसरतो, त्याला ११२ सेंमी दूर न्यावं लागतं. एवढं अंतर सोडलं नाही, तर पात्यांनी कापलेला प्रकाश जेवणभर टेबलावर लुकलुकत राहतो. टेबलाच्या लांब बाजूंनी दोन-दोन असे चार डाउनलाइट पुरतात. त्यासाठी टेबलाची जागा आधी ठरलेली हवी: ओट्यापासून टेबलाच्या कडेपर्यंत १२० सेंमी ठेवा, म्हणजे खुर्ची मागे सरली तरी फ्रिज आणि ट्रॉल्या उघडतात.