फुकटच्या मंजुरीचे आम्ही 31 हजार मोजले

नागपुरात कॅन्सरच्या उपचारासाठी घरचं माणूस घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहीत आहे. आमच्यासोबत जे झालं ते बाहेरगावहून येणाऱ्या, इथे कोणी ओळखीचं नसलेल्या लोकांसोबत जास्त होत असणार. आम्ही तर नंदनवनातले, गावातलेच. तरीही फसलो.

आमच्या ह्यांचं मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, वीस-बावीस वर्षांपासून. नागपुरात राहणाऱ्याला खर्रा काय ते सांगावं लागत नाही, पन्नीत घोटून दिवसाला पाच-सहा व्हायचे. दोन वर्षांपासून तोंड पुरतं उघडत नव्हतं, पाणीपुरी तोंडात जाईना म्हणून घरात हसायचो आम्ही. मग डाव्या गालाच्या आत फोड आला, तो महिना झाला तरी भरेना. बायोप्सी केली आणि रिपोर्टवर कार्सिनोमा हा शब्द आला. डॉक्टरांनी लगेच सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जबड्याचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, छातीचं मांस घेऊन गाल भरावा लागेल, आणि नंतर रेडिएशन.

मी विनाअनुदानित शाळेत शिकवते. मुलगा पॉलिटेक्निकला. खर्चाचा आकडा ऐकला तेव्हा पायाखालची जमीन सरकली. तिथल्याच एका सिस्टरने धीर दिला, "ताई, केशरी रेशनकार्ड आहे ना? जन आरोग्य योजनेत बसेल. आरोग्यमित्राला भेटा." महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. आधी दीड लाखापर्यंत होती, 2023 च्या निर्णयानंतर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेत असलेल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. कागद तिथे द्यायचे, ते कॉम्प्युटरवर चढवतात, वरून मंजुरी येते. ह्यासाठी कुठेही एक रुपया लागत नाही. हे मला आज पाठ आहे. त्या आठवड्यात नव्हतं.

त्या टेबलासमोरच्या रांगेतच तो भेटला. पस्तीस-छत्तीसचा असेल. खांद्याला रेक्झीनची पिशवी, गळ्यात निळी फीत, तिच्यातलं कार्ड नेहमी खिशात खोचलेलं. आपल्या मोठ्या भावाची इथेच ट्रीटमेंट झाली, म्हणून येणं-जाणं असतं, असं सांगायचा. ह्यांना सीटी स्कॅनला न्यायचं होतं आणि वॉर्डबॉय सापडत नव्हता, तर ह्याने स्वतः स्ट्रेचर ओढलं. मला थंड पाण्याची बाटली आणून दिली. "वहिनी, तुम्ही टेन्शन काऊन घेऊन राहिल्या? आपण आहो ना." तीन दिवस त्याने एक पैसाही मागितला नाही. हे तीन दिवस मी मुद्दाम सांगते आहे. फसवणारा माणूस पहिल्या भेटीत पैसे मागतो असं मला वाटत होतं.

ऑपरेशनआधी रक्ताच्या दोन बाटल्यांची सोय करायची होती, भूल देण्याची फिटनेस, हृदयाची तपासणी, सगळं एकाच वेळी आलं. तो म्हणाला, "रांगेत मी उभा राहतो, तुम्ही रक्ताचं पाहा." मी फाइल त्याच्या हातात दिली. रेशनकार्ड, दोघांचं आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, सीटीची फिल्म. त्याने खरंच रांग लावली, कागद खरंच जमा केले. फक्त संपर्काच्या रकान्यात माझा मोबाइल नंबर न टाकता स्वतःचा टाकला. हे मला पार दोन महिन्यांनी कळलं.

शुक्रवारी दुपारी तो तोंड पाडून आला. "वहिनी, रिजेक्ट झाली." रेशनकार्डावरच्या नावात आणि आधारवरच्या नावात एका वेलांटीचा फरक आहे, म्हणून मुंबईहून परत पाठवली म्हणे. फरक खरंच होता. ऑपरेशनची तारीख बुधवारची, ती गेली तर पुढची तीन आठवड्यांनी. त्याची मुंबईत एका साहेबाशी ओळख आहे, 18 हजारात फाइल पुन्हा वर चढेल. आणि लगेच पुढचं वाक्य, "टेबलवर विचारू नका हं, त्यांना कळलं तर साहेब अडचणीत येते आणि आपली फाइल खाली जाते."

त्या एका वाक्यानं त्याने मला सगळ्यांपासून तोडलं. आरोग्यमित्राची मुलगी माझ्यापासून तीस पावलांवर बसली होती. मी तिच्या टेबलासमोरून दिवसातून दहा वेळा जायची आणि नजर चोरायची, जणू मीच काही चुकीचं करून राहिली आहे. आठ हजार रोख दिले, दहा हजार शनिवारी त्याने दाखवलेल्या क्यूआर कोडवर टाकले. सोमवारी सकाळी तो पेढे घेऊन आला. मंजुरी झाली. मी त्याच्या पाया पडायला वाकले होते. वयाने तो माझ्यापेक्षा लहान.

ऑपरेशन नऊ तास चाललं. नंतरचे दिवस काय असतात ते ज्याने काढले त्यालाच कळेल. नाकातून नळी, दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजने त्या नळीत दूध, डाळीचं पाणी, नाचणीची पातळ पेज, सगळं गाळून, कोमट. सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबायचा नाही, ती उंच धरायची, आपोआप उतरू द्यायचं. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची, नाही तर ती जाम होते. बोलता येत नव्हतं म्हणून मी पाटी-पेन्सिल आणून दिली होती. रात्री दोनला डोळा लागला की पाटीवर पेन्सिल टकटक वाजायची, कफ काढायचा असायचा. अशात माणसाचं डोकं कागदपत्रांवर चालत नाही. कोणी म्हटलं "मी बघतो", तर ते शब्द अमृतासारखे वाटतात.

रेडिएशनच्या वेळी दुसरा फेरा. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू झालेलं बरं, असं डॉक्टर बोलले होते, तेव्हा तो शेजारीच उभा होता. दोन दिवसांनी म्हणाला, मशीनला अडीच महिन्यांचं वेटिंग आहे, नंबर पुढे आणायला 13 हजार. सासूबाईंनी मला लग्नात घातलेल्या पाटल्या मी इतवारीत गहाण टाकल्या. पाचव्या दिवशी मास्कच्या मोल्डला (रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून लावायच्या मास्कचं माप) बोलावणं आलं, आणि मला वाटलं, दिलेले पैसे कामी आले.

तिसऱ्यांदा त्याने केमोच्या इंजेक्शनचं काढलं. योजनेतलं इंजेक्शन "हलकं" असते, आपल्याकडे कंपनीचं ओरिजनल अर्ध्या किमतीत आहे. इथे माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी खुटकलं. 2024 च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीची बातमी मी शाळेच्या वाचनालयात वाचली होती. कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या गोळा करायचे आणि त्यात बुरशीवरचं औषध भरून विकायचे. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते. त्याचा चेहरा बदलला. त्यानंतर दोन दिवस त्याने फोन उचलला नाही, आणि मी पहिल्यांदा त्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

त्या मुलीने ह्यांचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "ताई, ऑपरेशनची मंजुरी तर गुरुवारीच आली होती. रिजेक्ट कधीच नाही झाली." गुरुवार. त्याने तोंड पाडून मला सांगितलं त्याच्या आदल्या दिवशी. रेडिएशनचंही तेच. त्यासाठी वेगळी मंजुरी लागते, ती पाठवली होती, आली होती. मशीनवरच्या टेक्निशियन दादांना विचारलं तर ते म्हणाले, मोल्ड, मग प्लॅनिंग, प्लॅन तयार झाला की डॉक्टर तारीख देतात, ह्यात पैसे देणार कोणाला? त्या मुलीने मला खुर्ची दिली. "तुमचा नंबर लावला असता तर मीच फोन केला असता ताई," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन, रेडिएशन, केमो, प्रत्येक टप्प्याला नवी मंजुरी लागते. म्हणजे अशा माणसाला प्रत्येक टप्प्यावर नवी भीती घालायची संधी मिळते. तुम्ही स्वतः टेबलाशी जाऊन "कुठवर आलं?" एवढं विचारलंत तरी त्याचा धंदा बसतो. टेबलावर कोणी नसेल तर योजनेचे 155388 आणि 18002332200 हे फोन आहेत. दोन्ही फुकट.

एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. पैसे गेले, गेले.

आठवड्याभराने पुण्याहून भाचीचा फोन आला. आवाज दबका. "मामी, हे मामाच आहेत ना?" तिला तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाहन आलं होतं. फोटोत हे पलंगावर, नाकात नळी, मानेतून ड्रेनची पिशवी लोंबलेली, गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. खाली लिहिलेलं, यवतमाळचा गरीब शेतकरी, तीन मुली, ऑपरेशनसाठी सात लाख हवेत, आणि त्याखाली क्यूआर कोड. हा फोटो मीच काढला होता. "फॉर्मला लागते" म्हणून त्याने मागितला आणि मी त्याला पाठवला. पलंगाशेजारच्या लॉकरवर माझा तीन पुडांचा डबा दिसत होता, झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेला. ह्यांच्या चेहऱ्यावरून कदाचित कोणी ओळखलं नसतं, पण तो डबा पाहिला आणि मला उभं राहवेना.

मी ह्यांना सांगणार नव्हते. मुलाने दाखवला. त्यांनी तो फोटो खूप वेळ पाहिला. आरशात अजून पाहू दिलं नव्हतं आम्ही त्यांना, स्वतःचा तसा चेहरा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग पाटी ओढली आणि लिहिलं, "दुकानाच्या लोकांनी पाहिला का?" मी नाही म्हटलं. मला खरं माहीत नव्हतं. ते पुसून परत लिहिलं, "कोणी पैसे दिले असतील त्यांना सांग." माझ्या नवऱ्याचं आयुष्य गिऱ्हाइकाला जुनी तार नवी म्हणून न विकण्यात गेलं, त्यांच्या नावावर लोकांकडून पैसे उकळले गेले हे त्यांना सहन होत नव्हतं.

1930 वर फोन केला, सायबर पोलिसांत तक्रार दिली. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी हा नंबर पहिल्या काही तासांत लावला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. माझ्या दहा हजारांना तोवर दोन महिने झाले होते, ते खातं रिकामं होतं. रोख दिले त्याचा तर पुरावाच नाही, पावती मागायचं मला सुचलं नाही, आणि साहेबाच्या नावाने दिलेल्या पैशाची पावती कोण देणार. तक्रारीत व्हॉट्सअॅपचे मेसेज, क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज जोडला. काहीही डिलीट करू नका. रागाच्या भरात मी त्याचं सगळं चॅट पुसायला निघाली होती, मुलाने हात धरला.

आता आधारची झेरॉक्स कुठेही देताना मी त्यावर आडवं पेनाने तारीख आणि काम लिहिते, "फक्त रेडिएशन मंजुरीसाठी" असं. फॉर्मवरचा मोबाइल नंबर मी स्वतः वाचून पाहते. ओटीपी, फोटो कोणालाही नाही. टेबलाने मागितला तर तिथेच उभं राहून काढू देते. हे सगळं मी रेडिएशनच्या बाकावर बसलेल्या बायकांना रोज सांगते. परवा तिरोड्याच्या एक काकू म्हणाल्या, त्यांचं रेशनकार्ड सकाळपासून एका भल्या माणसाकडे आहे, निळी फीतवाला. मी त्यांना तशीच हाताला धरून टेबलाशी नेली. कार्ड संध्याकाळी परत मिळालं, आमचाच तो होता की दुसरा कोणी, ते नाही कळलं. सिक्युरिटीला सांगितलं आहे, वर्णन दिलं आहे.

ह्यांची तीसपैकी चोवीस रेडिएशन झाली. तोंडात सगळं सोलून निघालं आहे, पाणीसुद्धा जळजळतं, पण नाकातली नळी निघेल असं डॉक्टर म्हणाले. पाटल्या अजून इतवारीतच आहेत, व्याज दर महिन्याला भरते. उद्या सकाळी आठचा नंबर आहे. डबा घासून ठेवला, फाइल पिशवीत भरली आणि पिशवी माझ्या उशाशी घेतली.