बँजोच्या हेडवर चित्र: पेन, रेडियम, छापील की आतून रंगवलेलं?

पाच तारांचा अमेरिकन बँजो घरात आला की त्याच्या कोऱ्या, पांढऱ्या हेडवर, म्हणजे तारांखाली ताणलेल्या चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या गोल पडद्यावर, काहीतरी काढावंसं वाटतंच. (आपल्या बँजो पार्टीतला कळांचा बँजो वेगळा, त्याला हेडच नसतं.) ही हौस जुनी आहे. 1920च्या दशकात जॅझवाले हेडवर निसर्गदृश्यं रंगवून घ्यायचे आणि आत बल्ब बसवायचे. चित्र उजळायचं, शिवाय उबेमुळे चामडं दमट हवेत सैल पडत नसे. अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांनी आपल्या बँजोवर कडेकडेने, गोलात लिहिलं होतं: हे यंत्र द्वेषाला वेढा घालतं आणि त्याला शरण यायला लावतं.

पद्धत निवडण्याआधी वजनाचा विचार करा. तबल्याच्या पुडीवर मधोमध घोटलेली शाई सूर कसा बदलते, हे आपल्याला सांगायला नको. सी. व्ही. रामन यांनी 1920मध्येच आपल्या चर्मवाद्यांच्या या गुणावर लिहिलं होतं. ताणलेल्या पडद्यावर वजन कुठे आणि किती पडतं, यावर आवाज ठरतो. तबल्यात ते वजन कारागीर जाणूनबुजून देतो. बँजोत मात्र घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) थेट हेडवर उभी असते आणि तारांचा सगळा कंप तिच्या पायांतून त्या पडद्यात उतरतो. तिथे जाड थर बसला की बँजोची खणखण मरते. ड्रमसेटच्या मोठ्या ड्रमवर बँडचं नाव बिनधास्त चिकटवतात, कारण त्याच्या दर्शनी पडद्यावर काठी पडत नाही. बँजोला ती सोय नाही, त्याचं एकुलतं एक हेडच वाजतं.

आता जागा. मधून पाच तारा जातात, खाली टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा भाग) येतो, घोडी असतेच. देवाचा किंवा माणसाचा चेहरा मधोमध काढलात तर तारा त्याच्यावरूनच जाणार. खरी मोकळी जागा म्हणजे तारांच्या दोन्ही बाजूंच्या चंद्रकोरी आणि कडेचं कडं. त्यात ब्लूग्रास (एक अमेरिकन लोकसंगीत शैली) वाजवणाऱ्याची करंगळी आणि अनामिका घोडीजवळ टेकलेली असते. तिथला खरखरीत पांढरा लेप काही महिन्यांत घासून गुळगुळीत होतो, मग वरचं चित्र काय टिकणार! आणखी एक गोष्ट बरेचजण विसरतात. भिंतीवर बँजो उभा टांगतात, पण वाजवताना तो जवळजवळ आडवा असतो. भिंतीवर सरळ दिसणारं चित्र मैफिलीत कुशीवर पडलेलं दिसेल. चित्र कुठे बघितलं जाणार, हे आधी ठरवा.

पेन हा सगळ्यात स्वस्त आणि आवाजाला सगळ्यात कमी धक्का देणारा मार्ग. वरून खरखरीत असलेल्या हेडवर परमनंट मार्कर किंवा ॲक्रिलिक पेन छान धरतो. शाईचा थर इतका पातळ की कानाला फरक कळू नये. तोटा एकच, चूक पूर्ण पुसली जात नाही. स्पिरिटने पुसलं तरी मागे पुसट डाग राहतो आणि लेपही खराब होऊ शकतो. म्हणून आधी कागदावर पूर्ण मापाचं रेखाटन करा.

रेडियमवाल्याकडून अक्षरं कापून आणणं सोपं पडतं. गाडीवर नाव टाकतात तसं अर्ध्या तासात काम होतं आणि रेषा अगदी स्वच्छ येते. पण त्या फिल्मखालचा गोंद मऊ असतो आणि मऊ थर कंप गिळतो. कडेला चार अक्षरं लावली तर चालेल. अख्खं हेड झाकणारा स्टिकर मात्र वाजवायच्या बँजोवर लावू नये, असं माझं ठाम मत आहे. घोडीचा एक पाय स्टिकरवर आणि दुसरा बाहेर, हे तर अजिबात नको.

छापून मिळणारं हेड दिसायला सगळ्यात देखणं. छपाईचा थर पातळ, रंग भरपूर, फोटोही चालतो. अमेरिकेत असाल तर हे सोपं आहे, भारतात मागवायचं तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. 11 इंची हेडसाठी 300 डीपीआयने (एका इंचात 300 ठिपके) चित्र द्यायचं तर दोन्ही बाजूंना 3,300 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो इथे उपयोगाचा नाही.

पारदर्शक हेड आतून रंगवायची रीत मला मनापासून आवडते. काचेच्या मागून चित्र रंगवतात तसंच हे काम: अक्षरं उलटी लिहायची, बारकावे आधी, पार्श्वभूमी शेवटी. बोटांचा स्पर्शच होत नसल्यामुळे रंग घासला जात नाही. पण गुळगुळीत पॉलिएस्टर रंग शोषत नाही, आणि जाड ॲक्रिलिक कंपांमुळे पापुद्र्यासारखं सुटतं. त्यामुळे पातळ हात आणि थोडकं रंगकाम. तारा, टेलपीस, हुक सगळं काढून हेड सुटं करावं लागतं, तेव्हा नवख्या माणसाने यात एकट्याने पडू नये.

खरं चामडं असेल तर शाई सुंदर मुरते. पाणरंगाने मात्र ते फुगतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ते तसंही सैल पडतं.

रोज वाजवणाऱ्याने पेन घ्यावा आणि फक्त कडं सजवावं. चामड्यासारख्या तपकिरी छटेची प्लास्टिक हेड मिळतात. त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिक पेनने वारली काढा. तारप्याभोवती फेर धरलेली माणसं गोल हेडवर आपसूक बसतात. हातात हात घातलेली ती रांग कडेने फिरवायची, तारपा वाजवणारा चंद्रकोरीत घ्यायचा, बोटं टेकतात तेवढी जागा कोरी सोडायची. मंचावर लांबून दिसायला हवं आणि खर्चाची तयारी असेल तर छापील हेड. बँजो नुसता भिंतीवर राहणार असेल तर रेडियम लावा, आतून रंगवा, काहीही करा.

यातलं काहीही करण्याआधी एक जास्तीचं हेड घ्या आणि जुनं जपून ठेवा. घेताना व्यास तर मोजाच, पण कडेची उंचीही मोजा. लो, मीडियम आणि हाय अशा तीन उंचीची हेड येतात. चुकीची आली तर ताण देणारी कडी एकतर फार खाली जाते किंवा वर राहून हाताला लागते.