मुंबई-न्यूयॉर्क: थेट जावं की अबू धाबीला उतरून?

आईला न्यू जर्सीला आणायचं ठरलं की आमच्याकडे तिकिटाआधी हा वाद सुरू होतो. दोन्ही वाटांनी तिला एकेकदा आणलंय, म्हणून सांगतो.

नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला तर साधारण १२,५४० किलोमीटर भरतात. अबू धाबीमार्गे दोन्ही टप्पे मिळून १३,०००. हा फरक मुंबई-नागपूर हवाई अंतराहूनही कमी, म्हणजे विमानाचा फार तर अर्धा-पाऊण तास. त्यात थेट विमानालाही तो दोरा धरून जाता येतंच असं नाही. दोरा कच्छ ओलांडून सिंधमध्ये शिरतो आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, त्यामुळे वळसा आलाच. जाताना वाराही समोरचा, तेव्हा सोळा तास तरी धरा. येताना तोच वारा मागून ढकलतो आणि तासभर वाचतो.

अबू धाबीमार्गे खरा वेळ जातो तो जमिनीवर. पण वेळेचंही मी सोसलं असतं. सोसवली नाही ती तुटलेली झोप. पहिला टप्पा जेमतेम तीन तासांचा. पहाटे चारचं विमान, दिवे मंद होतायत तोच खाण्याची गाडी आली. ट्रे आवरले, आईने शाल डोक्यावरून घेतली, डोळा लागतोय न लागतोय तर ‘खुर्च्या सरळ करा’. मग व्हीलचेअरची वाट बघणं, पुन्हा तपासणी, पुन्हा चपला काढणं. पुढचं विमान सकाळचं, त्यात उजेडी तिला झोप येत नाही. इथे आल्यावर चार दिवस ती भर दुपारी सोफ्यावर पेंगत होती.

थेट विमान मध्यरात्रीनंतरचं होतं. पश्चिमेकडे जाताना रात्र लांबत जाते. जेवण एकदाच झालं आणि आई सलग सहा तास झोपली. घोरलीसुद्धा.

अबू धाबीचं एक मात्र मानायला हवं. अमेरिकेचं इमिग्रेशन २०१४ पासून तिथेच उरकता येतं, त्यामुळे न्यूयॉर्कला रांग नाही, बॅगा उचलल्या की बाहेर. त्यासाठी दोन विमानांत तीन तास तरी ठेवा. आमचं तिकीटही त्या वाटेने स्वस्त पडलं होतं. शिवाय गुडघे आखडणाऱ्यांना मध्ये पाय मोकळे करता येतात, सोळा तास एका जागी बसणं सगळ्यांना झेपेलच असं नाही. तुमच्याकडची माणसं विमानात एरवीही झोपत नसतील, तर माझं म्हणणं सोडून द्या.

यंदा आईलाच विचारलं. म्हणाली, “तुला परवडेल ते काढ, पण झोपले की उठवू नका म्हणावं.” थेट तिकीट काढलं, कडेच्या सीटचे पैसे वेगळे भरले.