टॉवेलच्या सुताचं क्रोशे: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून बघितलं

सोलापुरात राहायचं, गल्लीत मागांची खडखड ऐकायची आणि क्रोशासाठी कॉटनचे गुंडे मात्र कुरियरने मागवायचे, हे मला पटत नव्हतं. म्हणून दिवाळीच्या आधी पूर्व भागातल्या एका सूत व्यापाऱ्याकडून टॉवेलला वापरतात तसलं कोनावरचं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या नळीवर गुंडाळलेलं सूत आणलं. तुलनेला घरात नेहमीची अ‍ॅक्रिलिक लोकर, मर्सराइज्ड कॉटन आणि हल्ली सगळीकडे मिळणारं, मिश्र धाग्याचं मिल्क कॉटन होतंच. उन्हाळा गेला, वस्तू धुवून धुवून जुन्या झाल्या, आता त्यांच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणजे कारखानदार. एक कोन मागणारी बाई बघून तेलुगू वळणाच्या मराठीत पहिला प्रश्न आला, "काय ताई, घरी माग टाकला का?" सूत वजनावर मिळतं. कुठली सुई वापरा, किती मीटर आहे, असलं काही लिहिलेलं नसतं. असतो फक्त काउंट, आणि तो कळला की पुढचा हिशेब आपला आपल्याला करता येतो. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतील तो काउंट. म्हणजे आकडा वाढला की सूत बारीक. (विणायच्या सुयांचंही तसंच आहे की. आठ नंबरची सुई ४ मिलीमीटर, दहा नंबरची सव्वातीन.) मी घेतलं ते २/२०, म्हणजे २० काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेले. त्याची जाडी १० काउंटच्या एकेरी धाग्याएवढी, १०० ग्रॅममध्ये साधारण १,६९० मीटर. एवढ्या बारीक धाग्याने पिशवी विणायला बसलं तर वर्ष जाईल. आठ पदर एकत्र घेतले की १०० ग्रॅमला २१० मीटरच्या आसपास येतं, ही बाजारातल्या डीके, म्हणजे मध्यम जाडीच्या लोकरीची जाडी. ४ मिलीमीटरच्या क्रोशाला ती बरोबर बसते. चार पदर घेतले की तोरणाच्या बारीक कामाला चालतं.

आठ पदर नुसते एकत्र धरून विणताना मात्र डोकं फिरतं. आकडीत कधी सात पदर येतात, कधी पाच, आणि राहिलेला पदर दोन ओळींनंतर मागच्या बाजूला लोंबताना दिसतो. डबलिंगवाल्याकडून, म्हणजे मशीनवर धागे एकत्र पिळून देणाऱ्याकडून पीळ मारून घेतलं तेव्हा हाताला वेग आला. एका कोनासाठी कुणी मशीन लावत नाही, ओळख काढावी लागली. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी तयार मर्सराइज्ड गुंडे घ्यावेत. महाग आहेत, पण टाका सुटा दिसतो आणि चमक धुतल्यावरही राहते. कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेमुळे धागा गुळगुळीत आणि मजबूत झालेला असतो, ती वरून चोपडलेली चमक नव्हे.

आता वस्तू. हात पुसायच्या रुमालांना टॉवेलच्या सुताला तोड नाही. फक्त कोरं, न रंगवलेलं सूत असेल तर पहिले काही दिवस ते पाणी शोषतच नाही, कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा त्यात असतो. रुमाल धुण्याचा सोडा घालून उकळले आणि प्रकरण मिटलं. मात्र आटले चांगलेच. म्हणून नमुन्याचा चौकोन विणून, तो धुऊन वाळवून मगच टाके मोजा. गरम भांडी धरायलाही हेच. अ‍ॅक्रिलिकने ते काम कधीही करू नका, उष्णतेने ते वितळतं.

भाजीच्या पिशवीचा निकाल संमिश्र. जाळीची विण दिसायला छान, पण कांदे-बटाटे भरले की पिशवी गुडघ्याला लागते. सुती धाग्याला स्वतःहून मागे येणं माहीत नाही. बंद आणि तळ मुक्या खांबांनी (क्रोशाचा बुटका, दाट टाका) घट्ट विणले, जाळी फक्त मधल्या भागात ठेवली, तर बरीच आटोक्यात राहते. याच कारणाने सुयांवर विणलेल्या टोपीची रिब, म्हणजे काठाची ताणली जाणारी उभ्या रेघांची विण, या सुतात सैल पडते. बाळाच्या टोपड्याला मी नाडी लावून वेळ निभावली, पण टोपडं करायचंच तर मिल्क कॉटन घ्या. मऊ आहे, थोडं ताणलं जातं. त्यात कॉटन किती आणि अ‍ॅक्रिलिक किती हे मात्र प्रत्येक लेबलवर नसतं. दोन बोटं धागा जाळून बघा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते, अ‍ॅक्रिलिक असेल तर टोकाला कडक काळी गाठ उरते.

मला खरं आश्चर्य वाटलं ते तोरणाचं. आमचा दरवाजा पश्चिमेला, एप्रिल-मेमधलं चाळिशीपार ऊन थेट त्यावर. सुती तोरणाचा लाल रंग उन्हाळ्यात विटला, शेजारच्या खिडकीवरचं स्वस्त अ‍ॅक्रिलिकचं तोरण तसंच्या तसं. उन्हाला अ‍ॅक्रिलिक जास्त टिकतं, उगाच नाही दुकानांच्या छपरांचं कापड त्याचं करतात. धूळ धरतं, तेवढं महिन्यातून एकदा खळबळून काढायचं. त्यामुळे अ‍ॅक्रिलिकला सरसकट नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. अंगावर घालायचं असेल तर गोष्ट वेगळी. घाम शोषत नाही, काखेत गोळे येतात, आणि इथली खरी थंडी डिसेंबर ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, एवढ्यासाठी जाड स्वेटर कोण घालणार? ते पुण्या-नाशिकच्या भाचरांसाठी.

गडद रंग घेताना ओलं पांढरं फडकं सुतावर चोळून बघा. मी घेतलेल्या मरूनने तीन धुण्यांपर्यंत बादली रंगवली, राखाडी आणि मोरपंखीने काहीच त्रास दिला नाही. आणि रंगीत सूत लागेल त्यापेक्षा जरा जास्तच उचला, कारण पुढच्या लॉटमधला रंग तंतोतंत जुळेल याची हमी व्यापारीही देत नाही. जुळला नाहीच, तर दोन्ही लॉट दोन-दोन ओळी आलटून-पालटून विणते, लांबून कुणाच्या लक्षात येत नाही.