थुंकीवालं रॅपिड किट: पॉझिटिव्ह आलं तर खरं धरा, निगेटिव्हवर विसंबू नका

बाबांना ताप-खोकला सुरू झाला म्हणून इथल्या दवा बाजारातून कोविडचं थुंकीवालं रॅपिड किट आणलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते अशा सगळ्याच किटांना लागू आहे. नाकात काडी घालावी लागत नाही, लहान मुलं रडत नाहीत, त्याबद्दल पूर्ण मार्क.

पण वयस्कर माणसांचं अवघड आहे हो. तापाने बाबांचं तोंड कोरडं, फनेलमध्ये नुसता फेस येत होता, आणि फेस धरायचा नसतो, खालची लाळ रेघेपर्यंत यायला हवी, त्यातच ते दमून गेले. शिवाय अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. हे खरंच पाळा, आपल्या इंदूरात सकाळी लिंबू पिळलेले पोहे ठरलेलेच, आणि आंबटाने पट्टीवर खोटी रेघ उठू शकते.

तर सीची रेघ (किट नीट चाललं हे दाखवणारी) उठली, टीची (विषाणू सापडला हे दाखवणारी) जागा कोरी, म्हणजे निगेटिव्ह. आई लगेच म्हणाली चला, रामबागेत आजीकडे जाऊन येऊ. मी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नाकातून नमुना देऊन आरटीपीसीआर ही जास्त बारकाईची तपासणी केली, पॉझिटिव्ह!

आता यात थुंकीचा दोष आहे असं नाही. २०२१ मध्ये नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत काढली, तिला आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, मान्यता दिली, पण त्या गुळण्यांच्या पाण्यावर पुढे लॅबमध्ये आरटीपीसीआरच होते. ती विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय भाग, कितीतरी पटींनी वाढवून बघते म्हणून थोडासा असला तरी सापडतो. पट्टी काही वाढवत नाही, विषाणूचं प्रोटीन पुरेसं असेल तरच रेघ उठते.

डब्यावर मोठ्या अक्षरात अचूकता छापतात ना, ती बघून भुलू नका, आतल्या कागदावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे लागण झालेल्यांपैकी किती जण किट पकडतं तो आकडा, शोधा. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) अँटिजेन रॅपिड टेस्टसाठी, म्हणजे विषाणूचं प्रोटीन शोधणाऱ्या अशा पट्ट्यांसाठी, सेन्सिटिव्हिटीची किमान अट ८० टक्के आहे, म्हणजे लागण झालेल्या १०० जणांतले २० सुटले तरी किट पास! उलट निरोगी माणसाला निगेटिव्ह दाखवण्याची अट ९७ टक्के, म्हणून लक्षणं असताना टीची रेघ फिकट जरी दिसली तरी पॉझिटिव्हच समजा, आणि लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटीपीसीआर करा, आयसीएमआरचंही हेच सांगणं होतं.

माझ्याकडून पाचपैकी अडीच स्टार. घ्यायचंच असेल तर एक्स्पायरी बघा आणि दुकानदाराला किट कुठे ठेवलं होतं ते विचारा, बहुतेक किटांवर ३० डिग्रीच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर जातो.